टिकलीच्या अलीकडे

तसं पाहिलं तर बोलणं हे माझं काम नाही. माझं काम दाखवणं. कुठल्याही तारेला माझा चिमटा लावा, त्या तारेतून वीज कशी येते-जाते, ते मी माझ्या काचेवर रेघ काढून दाखवतो. खरं असेल तेच दाखवतो. पण आज मी बोलणार आहे, कारण सुलेखाकाकूंच्या फुगडीची गोष्ट नुसती रेघ काढून सांगता येत नाही.

मला ऑसिलोस्कोप म्हणतात. हे नाव घेताना तोंडात खडीसाखर धरल्यासारखं होतं, म्हणून सगळे मला नुसतं ‘स्कोप’ म्हणतात. मलाही ते आवडतं.

माझा जन्म ऑरेगनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून, ट्रकमधून अख्खा देश ओलांडून मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात आलो. गावाचं नावच कॉलेज, तेव्हा माझ्या नशिबी विद्यार्थी येणार हे ठरलेलंच होतं. माझं पहिलं घर म्हणजे युनिव्हर्सिटीतली पहिल्या वर्षाची प्रयोगशाळा. तिथे मी माणसांची एक गंमत पाहिली. रेघ चुकीची आली की ती आधी मला थापट मारतात, मग तारा हलवून बघतात आणि सगळ्यात शेवटी स्वतःची चूक शोधतात. रेघ बरोबर आली, तर मात्र फोनने तिचा फोटो काढतात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात.

पुढे बोटाने चालणाऱ्या काचांचे नवे स्कोप आले. माझी बटणं सगळ्यांना जुनाट वाटू लागली. मला वरच्या मजल्यावरच्या एका लहान लॅबमध्ये नेऊन कोपऱ्यातल्या फळीवर ठेवलं. माझ्या डोक्यावर पाणी तापवायची किटली आली. हिवाळ्यात कुणीतरी ओले हातमोजे माझ्यावर वाळत घालायचं. वाईट वाटलं, पण चहाच्या निमित्ताने लोक जवळ येत, गप्पा मारत. त्यामुळे कंटाळा आला नाही.

त्या फळीवरून मला खाली काढलं देवयानीने. ती नागपूरची, इथे पीएचडी करायला आलेली. नवे स्कोप इतरांनी आधीच अडवून ठेवले होते. तिने किटली उचलून बाजूला ठेवली, हुडीच्या बाहीने माझी काच पुसली आणि मला चालू केलं. माझी रेघ उजळली, तशी ती म्हणाली, “बाप्पा! हा तर ठणठणीत आहे.”

तिच्या शेजारच्या टेबलावर एक पाय उभा होता. खरा नव्हे, गुडघ्याच्या वरपासून तुटलेल्या पायाच्या जागी लावायचा. त्याच्या गुडघ्यात मोटर होती, पोटरीत छोटा कॉम्प्युटर. पाय बनवला होता रुहीने. रुही देवयानीची लॅबमधली जोडीदार आणि घरातलीही. दोघी एकाच अपार्टमेंटमध्ये राहत. रुहीचा जन्म टेक्ससमधला, शुगर लँडचा. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलताना ती अर्ध्या वाक्यात इंग्रजीत शिरायची.

पायातला प्रोग्राम लिहिला होता देवयानीने. माणूस चालताना गुडघ्याने कधी वाकायचं आणि कधी ताठ राहायचं, ते हा प्रोग्राम ठरवायचा. पापणी लवेपर्यंत त्याला हा निर्णय कितीतरी वेळा घ्यावा लागे, आणि प्रत्येक वेळी ठरलेल्या मुदतीच्या आत. उत्तर बरोबर असलं आणि उशिरा आलं, तर काय उपयोग? तोवर माणसाने पावलावर भार टाकलेला असतो आणि गुडघा ढिला पडलेला असतो.

ती मुदत पाळली जाते की नाही, हे बघायचं काम माझं. प्रोग्रामने काम हाती घेतलं की तारेत वीज वर चढायची, काम संपलं की खाली उतरायची. माझ्या काचेवर एक टेकडी दिसायची. टेकडी जितकी रुंद, तितका वेळ लागलेला. मुदत जिथे संपते, तिथे देवयानीने माझ्या काचेवर एक लाल टिकली चिकटवली. टेकडी टिकलीच्या अलीकडे संपली पाहिजे, एवढा साधा नियम. मी जुन्या टेकड्या पुसून टाकत नसे, त्यांची पुसट सावली काचेवर ठेवत असे. त्यामुळे सगळ्यात रुंद टेकडी कुठवर गेली होती, ते एका नजरेत कळायचं.

मग एके दिवशी सुलेखाकाकू आल्या. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत त्या कामाला होत्या. बऱ्याच वर्षांपूर्वी बर्फावरून गाडी घसरून त्यांचा डावा पाय गेला होता. साधा कृत्रिम पाय लावून त्या जपून चालत. आमचा पाय वापरून बघायला त्या स्वतःहून तयार झाल्या होत्या.

“ह्याला इस्त्रीबिस्त्री करावी लागते का गं?” पायाकडे बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“नो, काकू, फक्त चार्ज करायचा,” रुही म्हणाली.

“म्हणजे फोनसारखा. ऐन वेळी संपणार.”

लॅबच्या छताला एक रूळ होता. त्यावरून सरकणारा पट्टा काकूंच्या अंगातल्या जॅकेटला अडकवत, म्हणजे तोल गेला तरी त्या जमिनीवर पडू नयेत. पायातून निघालेली एक लांब तार माझ्यापर्यंत येई. काकू चालायच्या, मी टेकड्या काढायचो. सपाट जमीन, उतार, पायऱ्या, सगळं झालं. प्रत्येक टेकडी टिकलीच्या कितीतरी अलीकडे संपत होती.

एकदा दम खायला बसल्या असताना काकूंनी मनातलं सांगितलं. गावातल्या मराठी बायका दरवर्षी चर्चचा हॉल भाड्याने घेऊन मंगळागौर करतात. सुट्टी नसते, म्हणून श्रावणातला मंगळवार तिथे शनिवारी येतो.

“मी आणि नीलांबरी, आमच्या फुगडीला जोड नव्हती,” काकू म्हणाल्या. “बाकीच्या बसायच्या, आम्ही फिरतच. अपघातानंतर मी खुर्चीत. गाणी म्हणायचं खातं माझ्याकडे. नीलांबरी दुसऱ्या कुणाबरोबर खेळते आणि माझ्याकडे बघायचं टाळते. मला एकदा, फक्त एकदा तिच्याबरोबर फुगडी घालायची आहे. ह्या वर्षी घरी नेता येईल का गं हा पाय?”

देवयानी म्हणाली, “नेता येईल, काकू. प्रोफेसरांना विचारते.”

तिने असा शब्द द्यायला नको होता, असं मला तेव्हाच वाटलं. पण माझं कोण ऐकतं?

प्रोफेसर लिंड म्हणजे उंच, शांत बाई. पाय लॅबबाहेर जाणार की नाही, हे त्या ठरवणार. देवयानीने त्यांना माझी काच दाखवली. टेकड्यांची नुसती गर्दी, आणि टिकलीपर्यंत पोचलेली एकही नाही. प्रोफेसरांनी वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, “हा कधीच उशीर करणार नाही, की आतापर्यंत केलेला नाही?”

देवयानीने ओशाळून पुन्हा माझ्या काचेकडे पाहिलं. मीही ओशाळलो. कारण मी फक्त झालेलं दाखवू शकतो. न झालेलं माझ्या काचेवर कुठून येणार?

“वी टेस्टेड इट अ लॉट,” रुही मध्ये पडली.

काकू तिथेच होत्या, पट्ट्याला अडकवलेल्या. त्या हसून म्हणाल्या, “एवढा कसला विचार करताय? मला जे करायचंय तेच करून बघू की. ये गं देवयानी, हात दे.”

“अहो काकू, तार गुंडाळली जाईल!”

“जाऊ दे. मग उलटी फुगडी घालून सोडवू.”

त्यांनी देवयानीचे हात फुलीसारखे धरले, पावलं जुळवली, अंग मागे टाकलं आणि गिरकी घेतली. प्रोफेसर कुतूहलाने बघत राहिल्या. पहिली गिरकी छान झाली. दुसरीही. तिसरीत माझी टेकडी रुंद व्हायला लागली, टिकलीला टेकली आणि टिकली ओलांडून पलीकडे गेली. त्याच क्षणी गुडघा मऊ पडला.

काकू पडल्या नाहीत. पट्ट्याने त्यांना वरच्या वर झेललं. देवयानी मात्र त्यांचे हात घट्ट धरूनच उभी राहिली. आधी बोलल्या त्या काकूच, “अगं, कैरीसारखी लोंबकळतेय मी. उतरवा की कुणीतरी!”

प्रोफेसर रागावल्या नाहीत. हे इथे घडलं ते बरं झालं, एवढंच त्या म्हणाल्या. पण उशीर का झाला ते कळल्याशिवाय आणि पुन्हा होणार नाही हे सिद्ध झाल्याशिवाय पाय दाराबाहेर जाणार नव्हता. मंगळागौर तर तोंडावर आली होती.

निघताना काकूंनी देवयानीच्या पाठीवरून हात फिरवला. “नको वाईट वाटून घेऊस. मला खुर्चीची सवय आहे.”

त्यांनी बोल लावला असता, तर देवयानीला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने रीत बदलली. आता ती माझ्याकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघू लागली. पायात तिचे तीन प्रोग्राम होते. पहिला गुडघ्याचा, सगळ्यात घाईचा. दुसरा बॅटरी आणि दिवा सांभाळणारा, बेताच्या घाईचा. तिसरा नोंदी ठेवणारा. काही वेगळी हालचाल झाली की तो तिची नोंद करायचा. त्याला घाई अशी नव्हतीच. या नोंदी देवयानीला तिच्या प्रबंधासाठी हव्या होत्या. प्रत्येक प्रोग्रामला जास्तीत जास्त किती वेळ लागू शकेल, हे तिने एकेक ओळ तपासून काढलं. नेहमी किती लागतो, ते आता तिने विचारातच घेतलं नाही. सगळ्यात वाईट दिवशी किती लागेल, तेवढंच धरलं.

पायाची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची तार एकच होती; नोंदी ती वापरत असल्या, तर गुडघ्याला थांबावं लागे. पण गुडघ्याचा वेळ आणि नोंदींचा वेळ मिळवला, तरी बेरीज टिकलीच्या अलीकडेच येत होती. मी मात्र टेकडी पलीकडे गेलेली पाहिली होती. कागद म्हणे मी खोटा, मी म्हणे कागद खोटा. देवयानीने मला थापट मारली नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि त्यानेच ती जास्त वैतागली होती.

अशात एका सकाळी ती लॅबमध्ये आली ती घामाघूम होऊन. बस चुकली होती. मागून रुही आली, ओल्या केसांची, सायकल दामटत आलेली.

“सॉरी यार, आय सेड सॉरी.”

“काय सॉरी! एक बाथरूम आपल्या घरात. आठची बस माझी, तुला कुठे जायची घाई नाही, आणि तू आत जाऊन बसतेस.”

“मी फक्त पाच मिनिटं घेते. यू नो दॅट!”

“तुझी पाच मिनिटं मी धरलीच होती गं! म्हणून तर दारात उभी राहिले. पण मध्येच तुझ्या आईचा फोन आला. दीपाकाकू बोलत राहिल्या आणि तू नळ बंद करून त्यांचं ऐकत बसलीस. आता दीपाकाकूंचं आणि माझं काही भांडण आहे का? त्यांना तर माहीतही नाही मी बाहेर उभी आहे ते. तरी त्यांच्यामुळे माझी बस...”

ती बोलता बोलता थांबली. पाठीवरची बॅग तिने तशीच खाली टाकली आणि कागद ओढले.

“काय झालं?” रुहीने विचारलं.

“तू म्हणजे नोंदी,” देवयानी म्हणाली. “बाथरूम म्हणजे सेन्सरची तार. ती एकच आहे, एका वेळी एकालाच मिळते. तू आत आहेस, मी गुडघा, बाहेर उभी. मी तुझा वेळ हिशेबात धरला. पण तुझ्या आईचा फोन धरलाच नाही!”

“म्हणजे... बॅटरीवाला प्रोग्राम?”

“तोच! तो नोंदींना मध्येच थांबवतो, कारण त्यांच्यापेक्षा त्याची घाई मोठी. नोंदी तार धरून तशाच बसून राहतात, आणि गुडघा, सगळ्यात घाईचा, तोच ताटकळतो.”

रुहीने कागद आपल्याकडे ओढला. “आणि चालताना नोंदी करायला काही नसतंच. सो नो प्रॉब्लेम. फुगडीत प्रत्येक गिरकी वेगळी, म्हणून नोंदी सतत आतच.”

“आपण काकूंना चालवून बघितलं, चालवून बघितलं आणि पुन्हा चालवूनच बघितलं. त्यांना काय करायचंय ते त्यांनी सांगितलं होतं, आणि तेच सोडून बाकी सगळं बघितलं.”

दोघी खो-खो हसायला लागल्या. मला हात असते तर मीही टाळी दिली असती. शुगर लँडहून एक आई लेकीला फोन करते काय आणि इथे गुडघ्याचं कोडं सुटतं काय!

उपाय रुहीच्या तोंडून आला. “ओके, न्यू रूल. तू दार वाजवलंस की तुझी घाई ती माझी घाई. मी आईला सांगणार, नंतर करते, आणि आधी बाहेर येणार.”

प्रोग्रामलाही देवयानीने तेच शिकवलं. गुडघा तारेसाठी थांबला, की तार धरून बसलेल्या नोंदींना तेवढ्यापुरती गुडघ्याचीच घाई लागायची. मग बॅटरीवाल्याने त्यांना अडवायचं नाही. शिवाय नोंदींनी एका वेळी थोडंच लिहून तार सोडायची. त्यामुळे देवयानीच्या प्रबंधातल्या बऱ्याच नोंदी गळणार होत्या. तिने कागदावर तसं लिहून टाकलं आणि म्हणाली, “गळू देत.”

तिने हिशेब पुन्हा मांडला, या वेळी दीपाकाकूंच्या फोनसकट. सगळं वाईट एकाच वेळी घडलं, तरी गुडघ्याचं काम टिकलीच्या अलीकडे संपत होतं. मग माझी पाळी आली. आधी देवयानीने आणि मी वाळूची पिशवी बांधलेला पाय गरागरा फिरवून पाहिला, मग काकूंना बोलावलं. वर पट्टा, समोर रुही, आणि फुगडीवर फुगडी. माझी रुंदातली रुंद टेकडीसुद्धा कागदावरच्या आकड्याच्या आतच राहिली. कागद आणि मी, आमचं एकदाचं जुळलं.

प्रोफेसर लिंड यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, “कधीच नाही, की आतापर्यंत नाही?”

“कधीच नाही,” देवयानी म्हणाली. “बॅटरी भरलेली असेल आणि पाय मोडलेला नसेल तर. या दोन अटी वर लिहिल्या आहेत.”

त्यांनी हिशेबाचं पान न् पान वाचलं. दोन ठिकाणी तिला अडवलं. तिने उत्तर दिलं. मग त्या माझ्याकडे वळल्या, पायातून आलेल्या तारेवरचा माझा चिमटा त्यांनी स्वतः काढला आणि म्हणाल्या, “घेऊन जा.”

शनिवारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. मला चालूच ठेवून दोघी हॉलवर पळाल्या होत्या. माझ्या काचेवर एक सपाट रेघ होती. हॉस्पिटलमध्ये अशी रेघ दिसली की माणसं घाबरतात. माझ्याकडे सपाट रेघ म्हणजे सुट्टी. पण मला चैन पडेना. गावाच्या दुसऱ्या टोकाला तो पाय फिरत असेल, त्याच्यावर पट्टा नसेल, त्याला तार नसेल आणि त्याच्याकडे बघायला मी नसेन. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट पहिल्यांदाच आपल्या आपण निघाली होती. मग माझ्या लक्षात आलं, की एवढा सगळा हिशेब याचसाठी तर होता. बघायला कुणी नसतानाही त्याने वेळेवर असावं, म्हणून.

सोमवारी दार उघडलं आणि काकू आत आल्या, खांदा चोळत, हातात भाजणीच्या वड्यांचा डबा. देवयानी आणि रुही त्यांच्या मागे, दोघींचे आवाज बसलेले.

“काय झालं खांद्याला?” प्रोफेसरांनी विचारलं.

“नीलांबरीने ओढलं,” काकू म्हणाल्या. “आधी हातच देईना. म्हणे, सुलेखा, तू पडशील. म्हटलं, तू सांभाळ स्वतःला. तिसऱ्या गिरकीला तीच रडायला लागली. रडतेय आणि फिरतेय, रडतेय आणि फिरतेय! शेवटी तीच थांबली. म्हणाली, दमले. मी नाही दमले. माझा पाय तर मुळीच नाही.”

असं म्हणून त्यांनी डोळे टिपले आणि सगळ्यांच्या हातावर एकेक वडा ठेवला. माझ्यापुढेही एक ठेवला, मग स्वतःशीच हसून उचलला आणि खाऊन टाकला.

सध्या माझा मुक्काम खिडकीजवळच्या टेबलावर आहे. किटलीला दुसरी जागा मिळाली. नवे लोक आपापले पाय, हात, पंप, काय काय घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना आणि तुम्हालाही माझं एक मागणं आहे. तुमच्या हातून एखादी वस्तू घडली, तर मला नुसते तिचे शहाण्यासारखे वागायचे दिवस दाखवू नका. ती ज्याच्यासाठी केली, त्याला आधी विचारा, तुला हिच्याबरोबर काय करायचंय? मग तेच करू द्या, माझ्यासमोर, पट्टा बांधून. मी चिडत नाही आणि कुणाला हसतही नाही. जसं असेल तसं दाखवतो. आणि मी जे पाहिलेलं नाही, त्याचा हिशेब मात्र तुम्ही करा.

त्या दिवशी वडे संपल्यावर काकू दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

“देवयानी, पुढच्या वर्षी बसफुगडी जमेल का गं?”

बसफुगडी म्हणजे उकिडवं बसून, पाय पुढेमागे उडवत घालायची फुगडी. देवयानीने डोक्याला हात लावला. रुही म्हणाली, “वेट, व्हॉट इज दॅट?”

या वेळी देवयानीने ‘जमेल’ असं म्हटलं नाही. तिने छताचा पट्टा खाली ओढला, माझा चिमटा हातात घेतला आणि म्हणाली, “या काकू. आधी आम्हाला करून दाखवा.”